हालगे मॅडमची कोंडी

हालगे मॅडम स्टाफरूममध्ये येत नसत, घुसत. एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, खांद्यावरची पर्स कोपरापर्यंत घसरलेली आणि चष्मा डोक्यावर. चष्मा डोक्यावर आहे हे त्यांना सोडून सगळ्या कॉलेजला ठाऊक असायचं. नांदेडच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. म्हणजे एकोणीस वर्षं माझ्या पुस्तकांवर शेंगदाण्याच्या चटणीचे डाग पडत होते.

त्या मूळच्या उदगीरच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, शेजारीपाजारी दखनी आणि आईचं माहेर तेलंगणाकडचं असल्यामुळे सुट्टीत तेलुगू. त्यांच्या बोलण्यात या चारही भाषा एकाच डब्यातल्या भाज्यांसारख्या एकमेकींना लागलेल्या असत. रागावल्या की कानडी यायची. प्रयोगशाळेतल्या युसूफभाईंशी दखनी. प्राचार्यांसमोर मराठी, तीही अशी, की प्राचार्य वाक्य संपायच्या आत सही करून मोकळे व्हायचे.

कपाळाला विभूतीचा पट्टा आणि गळ्यात चांदीच्या साखळीत लिंगाची डबी. त्या साखळीचा आकडा ढिला झाला होता. रोज दुपारी कधीतरी तो निसटायचा, मॅडम छातीशी हात मारून डबी पकडायच्या आणि तासभर सेफ्टी पिनवर काम भागवायच्या. सोनाराकडे का जात नाही, असं विचारलं तर म्हणायच्या, सोनार लातूरचा आहे आणि लातूरला गेलं की लक्षात राहत नाही. नवरा लातूरला बँकेत, घरही तिथंच. आठवडाभर मॅडम नांदेडला खोली करून राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या बसने लातूर गाठायच्या. ही शनिवारची बस त्यांनी एक अपवाद सोडला तर कधी चुकवली नाही. एकदा तर गॅदरिंगमध्ये, नाटकाच्या तिसऱ्या प्रवेशात, प्रमुख पाहुण्यांच्या पायांवरून वाट काढत त्या गेल्या होत्या.

त्यांचा एक प्रश्न होता. वर्गात, मीटिंगमध्ये, भाजीवाल्यापुढे, कुठंही तो यायचा. "समजलं, का नुसतं ऐकलं?" समोरचा हो म्हणाला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग सांग, म्हणायच्या. भाजीवाला बिचारा मेथी कालची का महाग आणि आजची का स्वस्त, हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

एका सकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कदम सर, एक शब्द द्या."

मी मराठीचा माणूस. शब्द मागायला कोणी आलं की माझी छाती फुगते. कशासाठी, ते विचारलं. त्यांनी माझ्या पेनचं टोपण काढलं, टेबलावर उभं केलं आणि एका बोटाने धरलं. हा समजा धातूचा आयन, म्हणाल्या. एका ठिकाणी धरला तर सुटतो. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं वाकवून टोपण दोन्हीकडून पकडलं. एकाच रेणूने असं दोन ठिकाणी, चार ठिकाणी, सहा ठिकाणी धरलं तर धातू सहजासहजी सुटत नाही. याला इंग्रजीत चिलेशन म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ खेकड्याची नांगी. आता अडचण अशी होती, की वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरून "चिल मार" असा आवाज यायचा. पुढच्या बाकावर ज्या मुली बसायच्या, हदगाव-मुखेडकडच्या, मराठी शाळांतून आलेल्या, त्या तो शब्द नुसता उतरवून घ्यायच्या आणि कोरड्या डोळ्यांनी फळ्याकडे बघत राहायच्या.

मी तीन दिवस घेतले. कोश काढले, धूळ झटकली आणि चौथ्या दिवशी सुवाच्य अक्षरात शब्द लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. नखरबंधन. नखर म्हणजे नखी, नांगी. नांगीने बांधणे ते नखरबंधन. मला तो फार आवडला होता, खोटं कशाला बोला. मॅडमनी कागद दोनदा वाचला, ओठ दाबले आणि "बघू" म्हणाल्या.

परीक्षा इंग्रजीत असली तरी मॅडमच्या वर्गचाचणीत एक प्रश्न "आपल्या भाषेत लिहा" असा असायचा. त्या चाचणीनंतर त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच हसायला लागल्या. विनोद सांगण्याआधी हसायची त्यांची खोडच होती. ऐकणाऱ्याला वाट बघत बसावं लागे. एका मुलाने लिहिलं होतं, धातूचे नखरे बंद करणे म्हणजे नखरेबंधन. दुसऱ्याने लिहिलं होतं, लोखंड फार नखरे करते, म्हणून रेणू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतो. या दुसऱ्याला मॅडमनी अर्धा गुण दिला होता. चूक आहे, म्हणाल्या, पण खोटं नाही.

मी चिडलो. नखर आणि नखरे यांचा काडीचाही संबंध नाही, एक संस्कृत आणि दुसरा फारसी, हे मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हदगावचे ना तुम्ही? मग पुण्याहून बोलल्यासारखं का बोलता?" त्या वर्षीपासून कॉलेजात मला नखरे सर म्हणायला लागले. अजूनही काहीजण म्हणतात.

शब्द फसला तर वस्तूच दाखवू, असं मॅडमनी ठरवलं. वस्तू म्हणजे खेकडा. आता हालगे मॅडमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. त्या एका सकाळी युसूफभाईंना बरोबर घेऊन मासळी बाजारात गेल्या. युसूफभाई ही गोष्ट अजून सांगतात. म्हणे, मॅडमनी नाकाला पदर लावला, डोळे मिटले आणि बाईला विचारलं, यातला धरायला चांगला कोणता. बाईला वाटलं, ताजा कोणता म्हणून विचारतात. तिने जो काढून दिला तो एवढा ताजा होता, की बादलीतून स्कूटीवर येताना सगळ्या रस्त्यात खडखड वाजत होता.

वर्ग मात्र झकास झाला. मॅडमनी खडू पुढे केला, खेकड्याने तो एका नांगीने धरला आणि मॅडमनी ओढून काढला. पुन्हा पुढे केला. या वेळी त्याने दोन्ही नांग्यांनी धरला आणि मॅडमनी ओढला तसा खडूबरोबर खेकडाही टेबलावरून उचलला गेला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमध्ये बादलीत परत टाकलेल्या खेकड्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

मधल्या सुट्टीत मी शांतपणे वाचत बसलो होतो. पायाशी काहीतरी सरकलं. मी पाय हलवला आणि माझ्या पँटची मोहरी दोन्हीकडून पकडली गेली. पुढचं मला नीट आठवत नाही. खुर्चीवर चढलो होतो, एवढं नक्की. मॅडम धावत आल्या, वाकून बघितलं आणि मला सोडवायचं सोडून दाराकडे वळल्या. "कदम सर, हलू नका," म्हणाल्या, "दोन्ही नांग्यांनी धरलंय. पोरांना बोलावते." बारावीचा अख्खा वर्ग येऊन ते बघून गेला. तो खेकडा रश्शात घालायची युसूफभाईंची फार इच्छा होती. मॅडमनी त्याला स्कूटीवरून नेऊन गोदावरीत सोडलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. खोलीवर जाऊन आंघोळ केली आणि मग जेवल्या.

तेव्हापासून ती खूण सुरू झाली. कॉरिडॉरमध्ये मॅडम दिसल्या की मुलं दोन्ही हात वर करून बोटं वाकवायची, नांग्यांसारखी. मॅडम हातातलं सगळं सांभाळत तशीच बोटं वाकवायच्या. नमस्कार वगैरे बंदच झाला. मला हे अत्यंत पोरकट वाटायचं. मी माझे हात मागे बांधून चालायचो.

त्याच वर्गात सुवर्णा होती. मुखेडच्या पलीकडच्या गावची, घरी कानडी बोलणारी, दहावीला शाळेत पहिली आलेली. अकरावीला आमच्याकडे आली आणि पहिल्या दिवसापासून इंग्रजीच्या भिंतीला धडकून बसली. बुद्धी कमी नव्हती. गणित करायची, आकृत्या काढायची, पण वाक्य आलं की थांबायची. खेकड्याच्या तासाला सगळे हसले तेव्हा तीही हसली होती, पण मॅडमनी "सांग" म्हटल्यावर तिचं तोंड मिटलं ते उघडलंच नाही. बारावीच्या पहिल्या चाचणीत तिने नाव, हजेरी क्रमांक आणि एक सुंदर आकृती एवढंच लिहिलं. तिने वडिलांना फोन करून सांगितलं, मला घेऊन जा. वडील येत्या शनिवारी तिचा दाखला काढायला येणार होते. मुखेडला आर्ट्सला घालायचं ठरलं होतं.

हे मॅडमना बुधवारी कळलं. गुरुवारी त्यांचा डबा अर्धा तसाच परत गेला. शुक्रवारी मला म्हणाल्या, "कदम सर, ही पोरगी गेली तर मी बारा वर्षं इथं नुसतं ऐकवलं असं होईल." त्यांच्या आवाजात हसू नसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणालो, सायन्स सगळ्यांनाच झेपतं असं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त, आणि मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला सुवर्णाचे वडील, शंकरप्पा, आले. उंच, उन्हाने रापलेले, पांढरा शर्ट आणि हातात दाखल्याचा अर्ज. मागे सुवर्णा, डोळे सुजलेले. शंकरप्पा उभ्यानेच बोलायला लागले. "म्याडम, पोरगी रोज फोनवर रडून राहिली. तिला न्हाई जमत इंग्रजी. तुमचा काही दोष न्हाई. सही करा, बाराची गाडी हाय."

मॅडमनी अर्ज घेतला, बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली. पाऊसपाणी काय म्हणतंय, असं विचारलं. माणूस अर्ज घेऊन आलेला आणि ह्या पाऊसपाणी विचारतात, म्हणून मी पुस्तकात तोंड घातलं. शंकरप्पा बसले. विहिरीखाली थोडी हळद आहे, म्हणाले, ती पिवळी पडली होती.

"हळद पिवळीच असती की," मॅडम म्हणाल्या.

"पानं, म्याडम," शंकरप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं त्यांनी सांगितलं. जमीन चुनखडीची. दुकानदाराने लोहाची पुडी दिली, चिलेटेड म्हणून. ठिबकमधून सोडली आणि आठ-दहा दिवसांत नवीन पानं हिरवी यायला लागली. "पण त्यात काय असतंय, देव जाणे. मी त्याला इचारलं, लोह तर जमिनीत हायच, मंग ही पुडी कशाला. तो म्हणला, काका, चिलेटेड हाय, चांगलं असतंय."

मॅडम खुर्चीतून एवढ्या पुढे झुकल्या, की चष्मा डोक्यावरून नाकावर आला. त्यांनी सुवर्णाकडे बघितलं आणि म्हणाल्या, सांग वडिलांना. सुवर्णाने पाठ केलेलं इंग्रजी वाक्य सुरू केलं. तीन शब्द नीट आले. चौथ्याला ती अडकली आणि खाली बघायला लागली. शंकरप्पांनी अर्जाकडे हात नेला.

तेवढ्यात मॅडमच्या गळ्यातली साखळी निसटली. लिंगाची डबी घरंगळली. मॅडमचा हात छातीशी पोचायच्या आत समोर उभ्या सुवर्णाने दोन्ही हात पुढे करून ती झेलली. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते. ती म्हणाली, "कोंडी बिच्चैती, मॅडम."

आकडा सुटला, असं ती म्हणाली होती. मॅडमनी डबी घेतली नाही. मग कानडीत हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि सुवर्णाने साखळीच्या टोकाचा तो वाकडा आकडा त्यांना दाखवला. "नम्म कडे कोंडी अंतार्री," म्हणाली. आमच्याकडे याला कोंडी म्हणतात.

"मग हेच सांग वडिलांना," मॅडम म्हणाल्या. "लोहाला कोंडी घालून सांग. कोणत्या भाषेत सांगतीस ते तुझं तू बघ."

ती सांगायला लागली. निम्मं कानडीत, निम्मं मराठीत, मध्येच एखादा इंग्रजी शब्द दगडासारखा. मला कानडी येत नाही, तरी मला कळत होतं, कारण तिचे हात बोलत होते. लोह जमिनीत आहे, पण चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही, घट्ट होऊन बसतं, मुळाला मिळत नाही. पुडीतल्या लोहाला आधीच कोंडी घातलेली असते, दोन्हीकडून, चारीकडून. त्यामुळे ते चुन्याच्या हाती लागत नाही, पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत जातं. तिने डबी एका हाताने धरून दाखवली, मग दोन्ही हातांनी. शंकरप्पा मान तिरकी करून ऐकत होते, बाजारात बैल बघावा तसे, कुठं खोट आहे का ते शोधत.

मग त्यांनी विचारलं, "पण ती कोंडी लोह सोडती कधी? धरूनच बसली तर पिकाला काय उपेग?"

मॅडम खुर्चीतल्या खुर्चीत उसळल्या. हा प्रश्न एवढ्या वर्षांत त्यांना एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. उत्तर त्यांच्या ओठावर होतं आणि ते त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवून आत दाबून धरलं. सुवर्णाने डबीकडे बघितलं, विचार केला आणि म्हणाली, "मुळापाशी सोडती, अप्पा. नुसतं धरायचं न्हाई तिनं. पोचवायचं."

युसूफभाई दारात चहाचे कप घेऊन उभे होते, ते आत यायचं विसरले.

मॅडमनी तोंडावरचे हात काढले. "शंकरप्पा," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरीला आम्ही एकाच भाषेनं धरलं होतं, म्हणून ती सुटून चालली होती. चूक आमची आहे. दिवाळीपर्यंत मला तिला दोन्ही हातांनी धरू द्या. मग न्यायची तर न्या."

शंकरप्पांनी पोरीकडे बघितलं. मग टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकला. बाराची गाडी गेली होती. मॅडम सुवर्णाची वही उघडून तिथंच शिकवायला बसल्या, त्यात त्यांची लातूरची बसही गेली, आणि त्यानंतरचीही. सुवर्णाने साखळीची कोंडी दाताने दाबून घट्ट केली आणि मॅडमच्या गळ्यात घातली. संध्याकाळच्या बसला गर्दी होती. मॅडम अहमदपूरपर्यंत उभ्याने गेल्या आणि सोमवारी ते असं सांगत होत्या, जणू कोणी पालखीतून नेलं होतं.

दिवाळी आली आणि गेली. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सुवर्णा रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन यायची. एका पानावर इंग्रजी वाक्य, समोरच्या पानावर तेच तिच्या भाषेत. आधी समोरचं पान, मग हे पान. मार्चमध्ये परीक्षा झाली, निकाल लागला आणि ती लातूरला कृषी महाविद्यालयात गेली. पेढे घेऊन आली तेव्हा मॅडमनी एक पेढा स्वतः खाल्ला आणि एक गोदावरीच्या दिशेने दाखवला. खेकड्याचा वाटा, म्हणाल्या.

पण मला सांगायचंय ते एका तक्त्याबद्दल. त्या शनिवारनंतरच्याच सोमवारी मॅडमनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठा कार्डशीट लावला. वर आकृती आणि खाली रकाने. इंग्रजी, चिलेशन. ग्रीक, खेकड्याची नांगी. कानडी, कोंडी. तेलुगू, कोंडी, यासाठी त्यांनी आईच्या माहेरी फोन केला होता आणि तिकडे विंचवाच्या नांगीलाही कोंडीच म्हणतात असं कळल्यावर फोनवरच हसत सुटल्या होत्या. दखनीचा रकाना युसूफभाईंनी भरला. "हमारे में तो कुंडी बोलते, म्याडम. दरवाजे की." शेवटचा रकाना मराठीचा. तो रिकामा होता.

मराठीत कोंडी हा शब्द आहे की, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हणालो, आहे, पण वेगळ्या अर्थाने. मराठीत कोंडी होते ती वाहतुकीची, चर्चेची. कोंडी म्हणजे अडवणूक, शास्त्राला असा शब्द चालायचा नाही. मॅडमनी वाद घातला नाही. मग तो रकाना तुम्हीच भरा, म्हणाल्या, घाई नाही.

सात वर्षं तो रकाना रिकामा राहिला. मी शब्द घेऊन जायचो. द्विहस्तबंध, परिग्रहण, अजून काय काय. त्या ऐकून घ्यायच्या, युसूफभाईंकडे वळायच्या आणि विचारायच्या, "समजलं, का नुसतं ऐकलं?" युसूफभाई प्रामाणिक माणूस. नुसतं ऐकलं, म्हणायचे.

खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. आमच्या हदगावच्या घरी दाराला कोंडीच लावायचे. "दाराची कोंडी लाव रे," हे मी आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं. नांदेडला बी.ए.ला आलो, मराठीत पहिला आलो आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईला म्हणालो, कोंडी काय म्हणतेस, कडी म्हण. त्यानंतर माझ्यासमोर ती कडी म्हणायची, एवढी जपून, की प्रत्येक वेळी जरा थांबून म्हणायची. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो शब्द मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्या रकान्यात तो लिहिणं म्हणजे आईला मी काय म्हणालो होतो ते कबूल करणं होतं, आणि याची मला लाज वाटत होती.

मॅडम निवृत्त झाल्या तो दिवस शनिवार होता. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. प्राचार्यांनी त्यांच्याबद्दल बोलताना तीनदा कर्तव्यनिष्ठा म्हटलं आणि मॅडम तिन्ही वेळा घड्याळाकडे बघत होत्या, दुपारची बस चुकेल म्हणून. सगळे हॉलमध्ये असताना मी युसूफभाईंकडून प्रयोगशाळा उघडून घेतली. मराठीच्या रकान्यात लिहिलं, कोंडी. खाली लहान अक्षरात, हदगावकडे दाराची. युसूफभाईंनी मागून वाचलं आणि पंखा बंद केला.

बसस्टँडवर त्यांना सोडायला मी गेलो. सुवर्णा आधीच येऊन जागा धरून बसली होती. ती आता लातूरला माती तपासणीच्या कामाला होती आणि मॅडमना न्यायला मुद्दाम आली होती. मॅडम खिडकीशी बसल्या. गळ्यात तीच साखळी.

"तक्ता बघितला मी," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं कुठं होता हा शब्द?"

मी त्यांना आईची गोष्ट सांगितली, खिडकीच्या गजाला धरून, दोन मिनिटांत, जशी आली तशी. सांगताना माझ्या तोंडून "लई" आलं, "म्हणून राहिली" आलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. गजावरच्या माझ्या हातावर त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "पोचला की, सर."

गाडी सुरू झाली. कंडक्टर पुढून ओरडला, "ओ मामा, दाराची कोंडी लावून घ्या, वाऱ्यानं उघडतंय."

खिडकीत मॅडम आणि सुवर्णा दोघीही एकदम कंडक्टरकडे वळल्या, मग माझ्याकडे. मॅडम आधीच हसायला लागल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढले आणि बोटं वाकवली. चष्मा डोक्यावर होता. सुवर्णाने मागून त्यांची पर्स धरून ठेवली होती.

माझे हात मागे बांधलेले होते, सवयीप्रमाणे. ते मी सोडवले, वर केले आणि बोटं वाकवली. बस फाटकातून वळून लातूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तसाच उभा होतो, खेकड्यासारखा. चहाच्या टपरीवर आमच्या कॉलेजची चार-पाच मुलं होती, त्यांनी ते पाहिलं. पाहू देत.